दगडावरची शाई, सिमेंटची घरे
डिझाइनचा इतिहास शिकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

निर्णयसागर छापखान्यातले जुने पुस्तक, देवघरातली लक्ष्मीची तसबीर आणि दादरच्या हिंदू कॉलनीतली गोलाकार बाल्कन्यांची तीन मजली इमारत. या तीन गोष्टी आपण तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पुस्तक साहित्याकडे जाते, तसबीर श्रद्धेकडे आणि इमारत बिल्डरकडे. पुढच्या प्रकरणांचे म्हणणे असे की या तिन्ही वस्तू एकाच इतिहासाच्या आहेत. त्या घडवणारी माणसे एकमेकांच्या शेजारी राहत होती, अनेकदा एकाच कलाशाळेत शिकली होती आणि एकाच प्रश्नाशी झुंजत होती. बाहेरून आलेले यंत्र, बाहेरून आलेला माल आणि इथल्या माणसांची जगण्याची रीत यांचा मेळ कसा घालायचा, हा तो प्रश्न.

डिझाइनचा इतिहास एक साधी गोष्ट विचारतो : ही वस्तू अशीच का झाली? ती सुंदर आहे की नाही, हे नंतर पाहू. आधी हे पाहू, की करणाऱ्यासमोर कोणते पर्याय होते, कोणते त्याच्या हाताबाहेर होते, पैसा कोणाचा होता, नियम कोणाचे होते आणि ती वस्तू शेवटी कोणाच्या हातात पडणार होती. प्रत्येक आकारामागे निर्णय असतो आणि प्रत्येक निर्णयामागे अडचण. अडचण कळली की आकार बोलू लागतो. एवढी एक गोष्ट मनात धरली तर पुढची सगळी प्रकरणे त्याच वाटेने वाचता येतील.

सुरुवात अक्षरांपासून करू, कारण मराठी माणसाच्या दृश्य जगात अक्षरांइतके सर्वव्यापी दुसरे काहीच नाही. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले, पण रोमन लिपीत. भाषा मराठी, ओवी मराठी, अक्षरे मात्र परकी; कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढची दोनशे वर्षे मराठी मजकूर मुख्यतः हाताने लिहिला जात राहिला. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना सुरू झाला, तेव्हा धर्मप्रसारासाठी का होईना, मराठी छपाईचा पाया घातला गेला. त्याच वातावरणात गणपत कृष्णाजी यांनी छपाईची विद्या हस्तगत केली आणि १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले.

शिळाप्रेसच का? कारण दगडावर हाताने लिहिता येते. लेखनिकाचे वळण, ओळीवरची मात्रा, ओळीखालचा उकार, समासातली टीप, ग्रहांचे कोष्टक, सगळे जसेच्या तसे उतरते. शिशाच्या खिळ्यांना जे जमत नव्हते ते दगडाला जमत होते. दुसरी अडचण वाचकाची होती. सोवळ्यात वाचायच्या ग्रंथाला चरबीची शाई चालणार कशी? गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरल्याचे सांगितले जाते. धर्मग्रंथ छापताना पोथीचा आडवा, सुट्या पानांचा आकारही त्या काळच्या छापखान्यांनी टिकवला. यंत्र नवे होते, पण ते ज्या घरात शिरणार होते त्या घराची शिस्त जुनी होती. त्या घराचा दरवाजा उघडायचा तर शाई आणि पानाचा आकार दोन्ही त्याच्या मनासारखे हवे होते. आजच्या भाषेत याला ‘वापरकर्त्याचा विचार’ म्हणतात. आपल्याकडे तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाला होता, हे डिझाइनच्या विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे.

त्यानंतरचा टप्पा धातूचा. पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो पंच. तो कडक करून तांब्याच्या तुकड्यात ठोकायचा, की मातृका तयार होते. मातृका साच्यात बसवून शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस ओतायचा, की खिळा मिळतो. इंग्रजीला अशा खिळ्यांच्या एक-दोन केस, म्हणजे खणांच्या पेट्या, पुरतात. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि रफार वर, उकार खाली, वेलांटी बाजूने येऊन डोक्यावरून वळणारी आणि त्यावर जोडाक्षरांची रांग. म्हणजे टाइपांची संख्या शेकड्यांनी वाढते. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यासमोर अशा पेट्यांची भिंत उभी राहते, आणि हात जितका लांब पोचवावा लागतो तितके काम मंदावते. अक्षर मात्रेसह एकसंध ओतायचे, की मात्रा वेगळी ओतून जुळवायची? ‘अखंड’ आणि ‘डिग्री’ या छापखान्यातल्या दोन शब्दांमागे हाच पेच आहे. पहिल्या पद्धतीत अक्षर देखणे राहते पण खिळे वाढतात. दुसरीत खिळे कमी लागतात पण जोड दिसतो, आणि झीज झाली की मात्रा ढळते.

जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ साली टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे सोबती राणू रावजी आरू यांनी कोरलेल्या पंचांनी देवनागरी छपाईची पातळी अशी उंचावली, की निर्णयसागरी टाइप देशभरच्या संस्कृत ग्रंथांत जाऊन बसला. जुने पुस्तक उघडून एखादे पान उजेडात तिरके धरा. ओळीची शिरोरेषा सलग दिसते. नीट पाहिल्यावर दोन खिळ्यांच्या मधली केसाएवढी फट सापडते. ती फट इतकी कमी ठेवायला पंच कोरणाऱ्याचा, ओतणाऱ्याचा आणि जुळाऱ्याचा हात एकसारखा नेमका लागतो. तिघांपैकी एक चुकला तरी ओळ तुटकी दिसते. शिरोरेषेची ही सलगता भारतीय दृश्य-संस्कृतीतले मोठे यश आहे, आणि कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला आजवर क्वचितच जागा मिळाली.

अक्षरांच्या शेजारीच चित्रे छापली जाऊ लागली. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चित्रशाळा’ हा छापखाना काढला. मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना उभा राहिला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. त्वचेचा गुलाबीसर रंग एका दगडावर, साडीचा लाल दुसऱ्यावर, सावलीचा तपकिरी तिसऱ्यावर. कागद दर वेळी त्याच जागी पडला पाहिजे, नाहीतर ओठांचा रंग ओठांबाहेर जातो. जुन्या छापील तसबिरीच्या कडेला कधी कधी रंगांची अशी सरकलेली झालर दिसते. ती दिसली की छापणाऱ्याचा हात दिसला असे समजावे. मूळ तैलचित्र संस्थानिकाच्या महालात एकच असे. त्याची शिळाछाप प्रत चाळीतल्या भिंतीवर आली आणि देवाचा चेहरा सगळ्यांसाठी एकसारखा झाला. देवळात ज्यांना आत घेतले जात नव्हते त्यांच्याही घरी देव पोचू शकला. छपाईचा खर्च उतरला की समाजात काय काय हलते, हे समजून घ्यायला यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण.

इथे दादासाहेब फाळक्यांचे आयुष्य लक्षात घ्यावे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे, लोणावळ्याची छपाई आणि मग १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. आपण या पायऱ्यांपैकी शेवटची तेवढी लक्षात ठेवतो. पण पडद्यावरची फाळक्यांची चौकट शिळाछापाच्या चौकटीतून आली आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवू लागले. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. त्यांच्याच तालमीत तयार झालेले फत्तेलाल पुढे प्रभात फिल्म कंपनीचे कलादिग्दर्शक झाले. चित्रकार, मुद्रक, नेपथ्यकार, पोस्टर रंगवणारा, असे वेगळे खाने तेव्हा नव्हतेच. ते आपण नंतर आखले. म्हणूनच हा इतिहास विषयवार तुकडे करून शिकला तर धागा हातातून निसटतो.

इमारतींचेही तसेच. मुंबईच्या घरांचे आजचे रूप समजून घ्यायचे तर वास्तुशैलीच्या आधी प्लेगकडे जावे लागते. १८९६ साली प्लेग आला, आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट खोली म्हणजे रोगाचे घर, हे तेव्हाचे निदान. त्यातून प्रकाशाचा नियम आला : खिडकीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा ६३½ अंशांपेक्षा चढी असू नये. गणित केले तर याचा अर्थ असा, की समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. दादर-माटुंग्याच्या वसाहतींत इमारती सुट्या उभ्या राहिल्या, चारी बाजूंनी वारा खेळू लागला, बाल्कनीला अर्थ आला. आज त्या गल्ल्यांतून चालताना आपल्याला जे ‘छान वाटते’, त्याची मुळे एका साथीत आणि एका कोनात आहेत.

मग सिमेंट आले. लोखंडी सळ्यांवर ओतलेल्या सिमेंटने भिंतीवरचा भार काढून घेतला. कोपरा गोल करता आला, छज्जा भिंतीबाहेर लांबवर नेता आला. ऊन आणि पाऊस दोन्ही अडवणारे ते सलग छज्जे मुंबईच्या आर्ट डेको शैलीची खूण झाले. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची रांग, १९३३ चे रीगल आणि सोराबजी भेदवारांचे १९३८ चे इरॉस ही चित्रपटगृहे, मास्टर, साठे आणि भुता यांची न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत आणि तिच्यावर ना. ग. पानसरे यांनी घडवलेल्या कष्टकरी भारतीय माणसांच्या आकृती, हे सगळे एकाच दशकातले. शैली परदेशातून आली, हे खरे. पण छज्जा इथल्या पावसाने लांबवला आणि शिल्पातली माणसे इथल्या मातीतली निघाली. स्वदेशीच्या भरात १९२२ साली सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जच्या फरशा या घरांच्या जमिनीवर बसल्या. १९३७ साली टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. पुण्याचे अभियंते र. श्री. देशपांडे यांनी १९३९ च्या ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’मधून मध्यमवर्गीय कुटुंबांपुढे नव्या घराचे नकाशे ठेवले. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हा त्या मानाचा वाटा या सगळ्यांचा होता.

मात्र याच सिमेंटची दुसरी कहाणी वरळी, नायगाव आणि परळच्या बाजूला आहे. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने गिरणी कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधल्या : १६० चौरस फुटांची खोली, मधला बोळ, मजल्यावर सामायिक संडास. माल तोच, जवळपास काळही तोच. एका ठिकाणी सिमेंटने गोल बाल्कनी दिली, दुसऱ्या ठिकाणी कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त माणसे कोंबण्याची सोय केली. फरक मालात नव्हता. माणसाची किंमत कोणी किती धरली, यात होता. त्या खोल्यांत राहणाऱ्यांनी पोटमाळे घातले, बोळात अंथरुणे पसरली, पटांगणात गणपती बसवले, भजनी मंडळे आणि व्यायामशाळा चालवल्या आणि त्या इमारतीला तिच्या नकाशात नसलेला अर्थ दिला. इतिहास नकाशावर संपत नाही. वस्तू वापरणारा तिला पुन्हा घडवतो, आणि ते घडवणेही अभ्यासाचा विषय आहे.

हा विषय जगात कसा लिहिला गेला, हेही थोडक्यात पाहायला हवे. निकोलाउस पेव्हझनर यांच्या १९३६ च्या ग्रंथाने आधुनिक डिझाइनची एक वंशावळ मांडली : विल्यम मॉरिसपासून वॉल्टर ग्रोपियसपर्यंत, मोठ्या पुरुषांची. फिलिप मेग्ज यांनी १९८३ साली ग्राफिक डिझाइनचा इतिहास एका मोठ्या ग्रंथात बांधला. तो जगभरच्या वर्गांत शिकवला गेला. या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. परंतु १९८६ साली एड्रियन फोर्टी यांनी विचारले, की वस्तूमागचा समाज, बाजार आणि मालक कुठे आहेत? त्याच वर्षी चेरिल बकली यांनी विचारले, की या कथेत बाया कुठे आहेत? हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. पेरीन मिस्त्री यांनी १९३६ साली जे. जे.मधून वास्तुशास्त्राची पदविका घेतली. त्यांचे नाव किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? आजीने शिवलेल्या गोधडीतली रंगांची जुळणी किंवा दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीतली भूमिती डिझाइनच्या इतिहासात का येत नाही?

श्रेयाचाही प्रश्न आहेच. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे नाव सगळीकडे दिसते. त्यांच्यासोबत काम केलेले सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन, तसेच तिथले नक्षीकाम करणारे जे. जे.चे विद्यार्थी मागे राहतात. पाथरवट, गवंडी, सुतार, पंच कोरणारे, दगड घासणारे यांची नावे तर बहुतेक वेळा कागदावर आलीच नाहीत. आपल्या समाजात हाताने काम करणाऱ्याची जात आधी पाहिली गेली, कौशल्य नंतर. डिझाइनचा प्रामाणिक इतिहास लिहायचा तर ही उतरंडही लिहावी लागेल.

मराठीत आणि मराठी माणसांकडून या दिशेने पायाभूत काम झाले आहे. अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ साली भारतातील मुद्रणाचा इतिहास लिहिला. सरकारी मुद्रणालयात आयुष्य घालवलेले बापूराव नाईक यांनी १९७१ साली देवनागरी टायपोग्राफीवर तीन खंड सिद्ध केले. पुण्यात ल. श्री. वाकणकर आणि मुकुंद गोखले यांनी लिपीचा शास्त्रीय अभ्यास केला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) कवी होते, सुलेखनकार होते आणि पवईच्या आयआयटीत शिक्षक होते. संगणकावर वर्षानुवर्षे आपण ज्या ‘मंगल’मध्ये मराठी वाचली, तो फॉन्ट त्यांचा. त्यांच्या कामात लेखणीचे वळण, खिळ्याची शिस्त आणि संगणकाचे गणित एकत्र आले, कारण या तिन्हींचा इतिहास त्यांनी हाताने शिकला होता.

हे ज्ञान आज थेट उपयोगाचे आहे. ल आणि श यांची मराठी वळणे कोणती, हे २००९ च्या शासन निर्णयात नमूद झाले. तरी आपल्या फोनवर ती अनेकदा हिंदी वळणाने उमटतात. दुकानाच्या पाटीवर रफार चुकीच्या जागी जातो, लग्नपत्रिकेत जोडाक्षर फुटते. फॉन्ट करणाऱ्याला जर ठाऊक असेल, की याच पेचावर जावजी दादाजींच्या कारखान्यात कोणता मार्ग निघाला होता, तर तो शून्यापासून सुरुवात करणार नाही. वास्तुविशारदाला ६३½ अंशांमागचे कारण ठाऊक असेल, तर पुनर्विकासाच्या नकाशात दोन टॉवरांमधली जागा आक्रसताना त्याचा हात थांबेल. थांबायलाच हवा.

अभ्यास कसा करावा, याबद्दल थोडे. वस्तूपासून सुरुवात करा, पुस्तकापासून नको. ती हातात घ्या, मोजा, उलटी करून पाहा, रेखाटा. रेखाटताना डोळा जे पाहतो ते छायाचित्र घेताना पाहत नाही. मग कागद शोधा : फाउंड्रीचे नमुना-पुस्तक, महापालिकेत मंजुरीला दिलेला नकाशा, जुन्या मासिकातली जाहिरात, बिल, कॅटलॉग. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासूनचे अंक म्हणजे चित्र, अक्षर आणि जाहिरात यांची अखंड खाण आहे. मडगावात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल मुंबईत आले आणि १९४५ पासून त्यांच्या ‘दीपावली’ने मराठी घरात रंगीत चित्राची गोडी लावली. त्या एका अंकाची वर्षानुवर्षांची मुखपृष्ठे ओळीने मांडली, तरी छपाईचे तंत्र, स्त्रीची प्रतिमा आणि मध्यमवर्गाची आवड कशी बदलत गेली ते कळते. शेवटी माणसांकडे जा. खिळे जुळवलेले, सिनेमाचे बॅनर रंगवलेले, टेराझोची फरशी घासलेले हात अजून आपल्यात आहेत. त्यांच्याशी बोलायला उशीर करू नका. छापखाने भंगारात गेले, शिळा फरसबंदीला लागल्या, नकाशे वाळवीने खाल्ले. स्मृतीला तरी वाट पाहायला लावू नये.

पुढची प्रकरणे अक्षर, चित्र आणि इमारत अशा क्रमाने मांडली आहेत, पण ती एकमेकांत वाट काढत जातात. तारखा पाठ करण्यासाठी ती लिहिलेली नाहीत. प्रत्येक प्रकरणात एखादी वस्तू जवळून पाहिली आहे आणि तिच्यामागचा निर्णय उलगडला आहे. वाचकाने तीच पद्धत घेऊन आपल्या गावाकडे वळावे : पंढरपूरच्या तुळशीमाळेच्या दुकानाची पाटी, मिरजेच्या तंतुवाद्याचा भोपळा, नागपूरच्या जुन्या बंगल्याची कौले, सावंतवाडीची लाकडी खेळणी. यांपैकी कशाचाही इतिहास कोणीतरी मराठीत, पुराव्यासह आणि प्रेमाने लिहायला हवा. ज्या समाजाला आपल्या वस्तू अशा का आहेत हे सांगता येते, त्याला त्या पुढे कशा असाव्यात हेही ठरवता येते. तो अधिकार अभ्यासाने मिळतो, आणि तो मिळवण्याची तयारी या पानांतून व्हावी, एवढ्यासाठी हा ग्रंथ.